माझ्यासमक्ष

आमच्या ह्यांना पत्त्यांचा नाद नव्हता, दारूचा नव्हता, राजकारणाचा तर अजिबात नव्हता. नाद होता एका गोल शिक्क्याचा. रंगाच्या कंपनीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि वर्षभरात कुणाच्या तरी शिफारशीवरून सरकारने त्यांना विशेष कार्यकारी दंडाधिकारी केलं. पद एवढं लांब की पुरतं सांगेपर्यंत समोरच्याचा चहा निवायचा. पगार नाही, गाडी नाही, खुर्चीसुद्धा घरचीच. पण दंडाधिकारी. बुवापाड्यात आमच्या दारावर पाटी लागली त्या दिवशी हे तीनदा रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि लांबून कशी दिसते ते बघून आले.

ह्यांचं नाव शिवराम. मी सुंदराबाई. चाळीस वर्षं ह्या माणसाचा संसार केलाय, तेव्हा ह्यांच्याबद्दल बरं-वाईट काय ते मीच सांगणार, दुसऱ्या कुणाचं काम नाही ते.

तर लोक यायचे झेरॉक्सवर सही घ्यायला, रेशनच्या अर्जाला, आणि सगळ्यात जास्त चारित्र्याच्या दाखल्याला. दाखला छापीलच होता. 'वरील अर्जदार आज रोजी माझ्यासमक्ष हजर राहिले, त्यांनी माझ्यासमक्ष सही केली, मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे.' खाली सही, शिक्का. आमच्या शिक्क्यावर विश्वास ठेवायचा तर त्या चार-पाच वर्षांत अख्ख्या बुवापाड्यात वाईट वर्तणुकीचा एक माणूस उरला नव्हता.

आता हजर राहिले म्हणजे काय, तेही सांगते. पोरगा कामाला, त्याची शिफ्ट. मग फॉर्म घेऊन कोण येणार? आई येणार, नाहीतर बायको येणार. पोराने घरीच सही ठोकलेली असायची. तिला काय परत पाठवायचं? आणि हे तरी घरात कुठे असायचे. कधी तहसील, कधी कोर्ट, कधी कल्याणचं जेल. म्हणून सकाळी अंघोळ झाली की हे दहा कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ठेवायचे आणि मला म्हणायचे, कुणी आलं तर शिक्का मार गं. शिक्का माझ्या स्वयंपाकघरात, हळद-तिखटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. त्यामुळे आमच्या दाखल्यांना थोडा मसाल्याचा वास यायचा. मी अठरा वर्षं बालवाडी चालवलेली, मला हजेरीची सवय. म्हणून मी एक वही केली. नंबर, नाव, तारीख, वेळ. हे ती वही पाहुण्यांना दाखवायचे, जशी काही त्यांनीच लिहिलीय.

पण हाच माणूस ओळख परेड घ्यायला गेला की वेगळाच. ओळख परेड म्हणजे आरोपीला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या सहा जणांत उभं करायचं आणि साक्षीदाराने येऊन त्याला हात लावून ओळखायचं. ही परेड पोलीस घेत नाहीत, दंडाधिकारी घेतो, म्हणजे आमचे हे. आरोपीला मिशी असली तर सहाही मिशीवाले पाहिजेत म्हणून हे अडून बसायचे. एका आरोपीच्या गालावर व्रण होता, तर ह्यांनी सातही जणांच्या गालावर चिकटपट्टी लावली. जेलर हसत होता म्हणे. पण परेड सुरू किती वाजता झाली, संपली किती वाजता, डमी, म्हणजे ते बाकीचे सहा, किती वयाचे, सगळं मिनिटागणिक निवेदनात लिहायचे. तिथे मिशीचा एक केस इकडचा तिकडे होऊ द्यायचे नाहीत, आणि घरी न बघितलेल्या माणसाला व्यक्तिशः ओळखतो म्हणून लिहून द्यायचे. मी एकदा हे बोलून दाखवलं तर चार दिवस फुरंगटून बसले होते.

दोन हजार चार सालच्या दहा फेब्रुवारीला, मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, आमच्यापासून अर्ध्या तासावर, उल्हासनगर कॅम्प एकमध्ये सोनिया नावाच्या बाईची सोनसाखळी खेचली. ती तिथे कपड्यांच्या दुकानात कामाला होती. मोटरसायकलवर दोघं होते, मागच्याने हात घातला. बाई पडली, मनगट मोडलं. महिनाअखेरीला पोलिसांनी आमच्या गल्लीतल्या विठाच्या पोराला उचललं. विनीत त्याचं नाव. आयटीआय केलेला, बदलापूरला एका कंपनीत लागणार होता. मोटरसायकल त्याच्या दोस्ताची निघाली होती आणि दोस्त फरार. पोलिसांना मागच्या सीटवर कुणीतरी हवाच होता. जेलात परेड झाली, ती ह्यांनी नाही, दुसऱ्याच दंडाधिकाऱ्याने घेतली, सोनियाने विनीतला हात लावला आणि काम फत्ते.

विठा रडत आमच्याकडे आली ती हातात कागद घेऊनच. कंपनीसाठी काढलेला चारित्र्याचा दाखला. तारीख दहा फेब्रुवारी. "मावशी, तुम्हाला आठवतंय ना? विनीत आला होता इथे. फॉर्मवरच्या फोटोवरच सही केली होती मेल्याने, मग तुम्ही दुसरा फॉर्म दिलात." मी वही काढली. दहा तारीख, विनीतचं नाव, चार वाजून दहा मिनिटं. आणि मला धडधडीत डोळ्यांपुढे दिसलं. पोरगा आमच्या ओट्यावर बसलेला, मी त्याला चिवडा दिला होता, सही फोटोवर गेली तशी जीभ चावली होती त्याने. चार वाजून दहा मिनिटांनी जो माणूस बुवापाड्यात चिवडा खातोय, तो कॅम्प एकमध्ये कुणाची साखळी कशी खेचणार? मी विठाला म्हटलं, रडू नकोस, तुझा पोरगा सुटला म्हणून समज.

हे संध्याकाळी आले. दाखला बघितला, मग आपली डायरी काढून तेच पान माझ्यापुढे धरलं. दहा फेब्रुवारीला साडेतीन ते पाच हे कल्याणच्या जेलात दुसऱ्याच केसची परेड घेत होते. म्हणजे पोरगा आला होता खरा, पण कागद म्हणत होता तो ह्यांच्यासमोर आला, आणि ह्यांच्यासमोर तो आलाच नव्हता. मी म्हटलं, त्यात काय, मी जाऊन सांगते माझ्यापुढे आला म्हणून. तर हे माझ्यावर डाफरले. सरकारचा शिक्का बायको मारते हे कोर्टात सांगू? पोराचा दाखला रद्दी होईल आणि माझी पाटी जाईल ती वेगळीच. मीच सांगतो माझ्यापुढे सही केली. तू पाहिलंस काय नि मी पाहिलं काय, एकाच घरातलं आहे.

मला ते पटलं नाही. पण खरं सांगू का, पाटी मलाही प्यारी होती. मी वही परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

विनीतचा वकील प्रमोद, बदलापूरचा, नवाच होता. त्याला आम्ही हे काहीच सांगितलं नाही. त्याने परेडचं निवेदन ह्यांना वाचायला दिलं तेव्हा मात्र ह्यांच्या अंगात आलं. ही काय परेड आहे, म्हणाले. डमींची वयं लिहिलेली नाहीत. आरोपी बावीस वर्षांचा आणि हे दोन डमी जेलातले स्वयंपाकी, पन्नाशीचे असणार. आणि त्या बाईला विचार, परेडच्या आधी पोलीस स्टेशनात तिला कुणी फोटो दाखवला होता का. प्रमोदने मान डोलवत लिहून घेतलं, पण त्याचा सगळा जीव त्या दाखल्यात. दंडाधिकाऱ्याची साक्ष असताना असले बारीकसारीक मुद्दे कशाला, असं त्याला वाटत होतं, आणि ह्यांनाही तेच वाटत होतं.

केस उभी राहायला दोन वर्षं लागली. विनीत जामिनावर सुटला होता, पण बदलापूरची नोकरी गेली होती. सोनियाची साक्ष होती त्या दिवशी मी विठाच्या सोबतीने गेले. मनात म्हटलं, बघूया तरी कोण ही भवानी, पोराच्या जन्माचं वाटोळं करणारी. बघितलं तर माझ्या धाकट्या बहिणीएवढी, मनगट अजून नीट वळत नव्हतं. शपथेवर सांगितलं, हाच तो. प्रमोदने विचारलं, फोटो दाखवला होता का? हो म्हणाली, एकच दाखवला होता. किती वेळ पाहिलंत चोराला? दोन-तीन सेकंद. मग एवढी खात्री कशी? ती म्हणाली, डोळे मिटले की तोच दिसतो.

बाहेर व्हरांड्यात ती पाण्याच्या पिंपाशी भेटली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, तो त्या वेळी माझ्या घरात होता, मी स्वतः बघितलाय. मला वाटलं भांडेल. ती भांडली नाही. म्हणाली, "आंटी, तुम्ही खोटं नाही बोलत, तुमच्या तोंडावरून कळतंय. पण मीपण झूठ नाही बोलत. आता दोघींनी काय करायचं?" घरी येईपर्यंत मी तिच्यावर चिडलेलीच होते. काय ही बाई, तीन सेकंद बघून एवढी खात्री.

मग ह्यांची तारीख आली. इस्त्रीचा सफारी, खिशाला पेन. प्रमोदने विचारलं तसं ह्यांनी सांगितलं, विनीत दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी घरी आला, माझ्यासमक्ष सही केली, मी शिक्का मारला. आवाजात कुठे कंप नाही.

सरकारी वकील एक बाई होत्या. उठल्या त्याच हसत. परेडमध्ये आपलं नाव मोठं आहे असं ऐकलंय, किती घेतल्या? हे म्हणाले, एकोणतीस. सगळ्याचं टिपण ठेवता? हे म्हणाले, मिनिटाचा फरक सापडायचा नाही. बाईंनी आणखी दोन-तीन प्रश्नांत ह्यांना असं फुगवलं की मागे बसून मीच घाबरले. मग त्यांनी एक कागद पुढे केला. त्यांच्याच दुसऱ्या एका केसमधलं परेडचं निवेदन होतं, ज्याच्यावर त्यांनी एका चोराला शिक्षा घडवली होती. दहा फेब्रुवारी दोन हजार चार. सुरुवात तीन पस्तीस, समाप्ती चार पन्नास, स्थळ कल्याणचं जेल.

"ही सही कोणाची, काका?"

हे त्या सहीकडे बघतच राहिले. सुरेख होती सही, खाली दोन टिंबं दिलेली. त्या दिवशी कल्याणला होतो म्हणावं तर इथली साक्ष खोटी, घरी होतो म्हणावं तर तिकडची परेड खोटी. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं. हे नुसते कठड्याला धरून उभे. चाळीस वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मला रडू आलं, आणि मी तशीच मागच्या बाकावरून उठून म्हटलं, "साहेब, हे नव्हते. शिक्का मी मारला. पोरगा माझ्यापुढे आला होता."

मला खाली बसवलं. पण पुढच्या तारखेला प्रमोदने मलाच पिंजऱ्यात उभं केलं. मी सगळं सांगितलं. दहा कोऱ्या सह्या, ड्रॉवर, वही, ओटा, चिवडा, फोटोवर गेलेली सही. सांगताना पुन्हा रडले. सरकारी वकील बाईंनी मला पाणी देववलं आणि मग सोलून काढलं.

नवऱ्याची साक्ष कोर्टात बसून ऐकलीत ना? ऐकली. नवरा शपथेवर खोटं बोलला? हो. वहीतला प्रत्येक माणूस दंडाधिकाऱ्यासमोर आला असं तुमचे दाखले सांगतात, तेही खोटं? हो. कधी कधी माणूस न येता आई कागद घेऊन येते आणि तुम्ही शिक्का मारता? हो, पण हा आला होता. तो बिघडलेला फॉर्म कुठे आहे? फळीला तेल लागू नये म्हणून तो मी तेलाच्या डब्याखाली घातला होता, मग फेकला. बाईंनी वही बंद केली. "म्हणजे तुमच्या घरातली प्रत्येक नोंद खोटी, फक्त ही एक खरी. असंच ना?"

मी म्हटलं, हो, असंच. मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

निकाल जून महिन्यात लागला. विनीत निर्दोष सुटला. विठाने कोर्टाच्या दारातच लोळण घ्यायची बाकी ठेवली. मीही हरखले, मनात म्हटलं, बघा, खरं बोलल्याने सुटलं पोर. प्रमोदने मग निकालपत्र वाचून दाखवलं. त्यात आमच्याबद्दल अर्धं पान होतं. बचावाचा पहिला साक्षीदार उघड खोटं बोलला आहे. दुसरी साक्षीदार त्याची पत्नी आहे, तिने त्याची साक्ष कोर्टात बसून ऐकली आहे, तिच्यावर विसंबता येत नाही. आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता हे सिद्ध झालेलं नाही. मग सुटला कशाने? तर सोनियाला आधीच फोटो दाखवला होता, आणि परेडमधल्या डमींची वयं लिहिलेली नव्हती, म्हणून तिची ओळख भरवशाची नाही. प्रमोद समजावत होता, मावशी, आरोपीचा बचाव पडला म्हणून सरकारची केस उभी राहत नाही, तिला आपल्या पायांवर उभं राहावं लागतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पोरगा सुटला तो ह्यांनी जाता जाता सांगितलेल्या दोन बारीक मुद्द्यांवर. आम्ही दोघं घरी बसून भाजी निवडत राहिलो असतो तरी तो सुटलाच असता. पाटीही राहिली असती.

पाटी पुढच्या महिन्यात गेली. वय बघून न्यायाधीशांनी खोट्या साक्षीचा खटला भरला नाही, पण वर कळवलं. पत्र आलं, नेमणूक रद्द, शिक्का जमा करावा. हे स्वतः जाऊन जमा करून आले, पोचपावती घेऊन आले. पाटी काढली तिथे भिंतीचा रंग वेगळा दिसत राहिला. चारित्र्याच्या दाखल्यांना माणसं आता दुसऱ्या गल्लीत जायला लागली.

मी म्हटलं, आता हे माझ्यावर चिडणार. मी उठले नसते तर निदान... पण हे चिडले नाहीत. दुपारी जेवताना एकदम म्हणाले, "तुला एक सांगू? मला दोन वर्षं वाटत होतं की विठाच कागद घेऊन आली असणार. तू दयेपोटी पोराला सांभाळतेयस आणि मी तुला सांभाळतोय. पण कोर्टात तू बोलत होतीस ना, तेव्हा तुझ्याकडे बघितलं आणि माझी खात्री पटली. कोर्टाने नाही मानलं तर नाही. मी मानलं." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पाटी गेली त्याचं दुःखच उरलं नाही. अख्ख्या जगात एका माणसाने माझं खरं मानलं होतं, आणि तो माझा होता.

पंधरा दिवसांनी विनीत आला. चाकणला काम लागलं होतं, दुसऱ्या दिवशी निघणार होता. मी ओट्यावर मेथी निवडत होते. पाया पडला आणि हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. सख्खी मावशी नसती बोलली."

मी म्हटलं, खोटं काय रे, तू आला होतास.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं मी अजून कोर्टातच आहे. म्हणाला, आलो होतो, पण बुधवारी. मंगळवारी आई आली होती. सही मी घरीच केली होती, ती फोटोवर गेली म्हणून तुम्ही आईला परत पाठवलंत. दुसऱ्या दिवशी येऊन मी नव्या फॉर्मवर केली, तारीख तुम्ही वहीतलीच टाकलीत. त्याने हे इतकं साधेपणाने सांगितलं की वाद घालायला जागाच नव्हती. आणि सांगितल्याबरोबर मला आठवलं. तो ओट्यावर बसला होता तेव्हा आतून ह्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी त्याला म्हटलं होतं, हळू बोल, काका झोपलेत. हे मंगळवारी कल्याणला होते. घोरत होते ते बुधवारीच.

विठाने येऊन सांगितलं आणि मला दिसलं. जसा पोलिसांनी फोटो दाखवला आणि सोनियाला दिसला. मी त्या बाईला दोन वर्षं मनातल्या मनात काय काय बोलले होते.

मग मंगळवारी चार वाजता होतास कुठे, मी विचारलं.

"घरी झोपलो होतो, एकटाच. हे कुणाला सांगणार, मावशी?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चांगलं, सरळ तोंड होतं. तसं तर सगळ्यांचंच असतं. खरं असेल त्याचं, नसेलही. मला काही कळलं नाही. मी त्याला म्हटलं, नीट राहा, आईला फोन करत जा.

तो गेला तसे हे आतून चष्मा पुसत आले आणि विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, विनीत, चाकणला चाललाय. हे त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भला पोरगा आहे. तू त्याला पाहिलंस म्हणून, नाहीतर मीसुद्धा त्याला चोरच समजलो असतो. नक्की पाहिलं होतंस ना गं?"

किती समाधान होतं त्यांच्या तोंडावर. मी हो म्हटलं आणि मेथी उचलून आत गेले.